आठ कान

मंगळवारी सकाळी माझ्या लक्षात आलं की वरच्या खोऱ्यात मेलेली आठ हरणं आठ नव्हतीच. ते एकच हरीण होतं.

मी नऊ वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऐकायला काम मोठं वाटतं, करायला निव्वळ हमाली. रानात मेलेल्या हरणांच्या कानाचे तुकडे पाकिटांतून आमच्याकडे येतात. त्यातून मी डीएनए काढते, मशीनवर चढवते आणि येतील ते आकडे मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवते. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. डोकं त्यांचं, हात माझे.

त्या वर्षी आम्ही सगळे एकाच प्रश्नाच्या मागे होतो. उन्हाळा सरत आला, नदीचं पाणी आटून काठचा चिखल उघडा पडला, की तिथे चिलटं माजतात. ती चावली की हरणांना एक विषाणू लागतो. ताप चढतो, जीभ सुजून निळसर पडते, तहानेनं जीव कासावीस होऊन ती पाण्याकडे येतात आणि पाण्यापाशीच पडतात. पण सगळी मरत नाहीत. एकाच पाणवठ्यावरची दोन हरणं, चावलेली चिलटंही तीच. एक तीन दिवसांत आडवं होतं आणि दुसरं आठवडाभर मलूल राहून पुन्हा चरायला लागतं. असं का? मॅडमचं म्हणणं होतं की उत्तर उपजतच त्यांच्या अंगात आहे. विषाणू शिरला की शरीराला जागं करणारं एक जनुक असतं, त्याचे दोन प्रकार आम्हाला सापडले होते. एक पूर्ण, दुसऱ्यातला मधला थोडा भाग गळालेला. आम्ही आपले सोयीसाठी लांब आणि आखूड म्हणायचो. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. ज्याच्या वाट्याला दोन्हीकडून आखूड आलं, त्याचं काही खरं नाही, असं आकडे सांगत होते.

सगळ्यात ठळक सांगत होते ते वरच्या खोऱ्याचे आकडे. तिथे मेलेल्या चोवीस हरणांपैकी अठरा दोन्हीकडून आखूड. ते बघून वनखात्यानं बेत आखला होता: वरच्या खोऱ्यातला कळप ‘कमी’ करायचा आणि त्या जागी खालच्या खोऱ्यातली लांब प्रकारची हरणं आणून सोडायची. कमी करायचा म्हणजे साठेक हरणांना गोळ्या घालायच्या, पण तो शब्द कागदावर कुठेच नव्हता. पुढच्या गुरुवारी त्यावर बैठक होती.

बैठकीत कुणी शंका काढू नये म्हणून मॅडमनी मला आणखी एक चाचणी सांगितली होती. मेलेली हरणं एकमेकांची किती जवळची नातेवाईक आहेत ते बघायचं, म्हणजे एकाच कुटुंबाची साथ आपण अख्ख्या कळपाची समजत नाही ना, हे कळतं. मी प्रत्येकाच्या डीएनएवरच्या वीस जागा तपासल्या. एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस नंबरच्या आठ नमुन्यांत वीसच्या वीस जागा सारख्या निघाल्या. सख्खी भावंडं इतकी सारखी नसतात. आठ पाकिटांत एकाच जनावराचे तुकडे होते, दुसरा अर्थच निघत नव्हता.

त्या आठही पाकिटांवर अक्षर माझ्या बाबांचं होतं.

बाबा वरच्या खोऱ्याचे वनरक्षक. एकतीस वर्षं त्यांनी तोच डोंगर पायाखाली घातला. मेलेलं हरीण शोधायचं, कानाचा तुकडा कापायचा, पाकिटात घालायचा, नंबर, जागा, तारीख लिहायची, हे काम त्यांच्याकडे होतं. आणि दोनच आठवड्यांपूर्वी आई फोनवर सहज बोलून गेली होती, “हल्ली लवकर येतात गं घरी. नऊच्या आत दारात हजर. पूर्वी दुपार व्हायची.”

तेव्हा मी हसले होते. आता तेच वाक्य मनात कुसळासारखं रुतलं. बाबांचा उजवा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. ज्याला चढता येत नाही त्याला खातं रानाच्या तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला फाटकावर बसवतं हेही माहीत होतं, आणि फाटकावर बसणाऱ्यांबद्दल बाबा काय बोलायचे ते तर लहानपणापासून ऐकत आले होते. मग वर चढायचंच नाही, खाली रस्त्याजवळ एखादं मेलेलं सापडलं की त्याच्याच कानाचे आठ तुकडे करायचे, आठ पाकिटं भरायची, जागा मनानं लिहायच्या. कोण बघायला जातंय?

बघायला मीच बसले होते.

मी मॅडमना काही बोलले नाही. फाइलचं नाव बदललं आणि वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. तेवढ्यात मागून घड्याळकाका आले. हे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, नऊच्या ठोक्याला येतात, पाचच्या ठोक्याला उठतात, म्हणून हे नाव. “काय गं,” ते म्हणाले, “भूत बघितल्यासारखी का बसलीस?”

“डोकं दुखतंय.”

“स्क्रीनकडे बघून दुखतंय की स्क्रीनवर काय आहे ते बघून?”

ते गमतीनं म्हणाले असतील, पण दिवसभर मला वाटत राहिलं की यांनी पाहिलंय. जेवायच्या सुट्टीत ते मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा मी डबा तसाच ठेवून त्या दाराकडे बघत राहिले. ते पाच मिनिटांत बाहेर आले. रजेचा अर्ज द्यायला गेले होते.

शनिवारी मी घरी गेले. बसनं चार तास, मग पुढे अर्धा तास चालत. सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, मागे अवजारांची पत्र्याची शेड. आई दारातच म्हणाली, “न कळवता आलीस? काही झालंय का?”

“मुलीनं घरी यायला काही व्हावं लागतं का?”

“तुझ्या बाबतीत लागतं,” आई म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.

बाबा बाहेर गेले होते. आई आत आहे हे बघून मी शेडमध्ये शिरले. खुंटीला त्यांची पिशवी होती. तिच्यात सुरी, हातमोजे, कोरी पाकिटं. फळीवर नोंदवही. मी एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस काढले. तारखा तीन आठवड्यांत पसरलेल्या, जागा आठ निरनिराळ्या. पण शाई एकच, अक्षराचा कलही एकच, मध्ये कुठे खाडाखोड नाही. एका बैठकीत बसून लिहिल्यासारखं. मी फोनमध्ये फोटो काढायला लागले. बापाच्या वहीचे फोटो काढताना माझे हात थरथरत नव्हते, याचंच मला नंतर जास्त वाईट वाटलं.

चहा पिताना बाबा आले. चालण्यात थोडा लंगडेपणा होता, तो मला बघताच सरळ झाला. मी हालहवाल विचारली, त्यांनी माझी विचारली. मग मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, “बाबा, ते सत्तेचाळीस नंबरचं कुठे सापडलं होतं हो?”

“आठवत नाही. वहीत असेल.”

“साधारण कुठे?”

“अगं, चोवीस हरणं उचलली या साली. कुठलं सत्तेचाळीस आणि कुठलं बेचाळीस, कसं सांगू?” त्यांनी कप खाली ठेवला. “का?”

“काही नाही. मॅडमना हवं होतं.”

“मग वही घेऊन जा की. फोटो कशाला काढत होतीस शेडमध्ये लपून?”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी बशीकडे बघत राहिले.

“मागच्या वाटेनं आलो मी,” बाबा म्हणाले. “फटीतून दिसलं. म्हटलं, पोरगी काय शोधतेय? मागितलं असतंस तर दिलं नसतं का?” ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. “काही चुकलंय का माझं?”

“नाही हो. नुसती पडताळणी आहे.”

“कुणी सांगितली पडताळणी?”

मी कपबश्या गोळा करायला लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्या घडीला चोर कोण होतं ते मलाच सांगता आलं नसतं.

बाबा उठले. “पहाटे चारला तयार राहा,” म्हणाले. “पडताळणी करायची तर नीट कर.”

चार वाजता आम्ही निघालो. मी विचारलं, इतक्या लवकर का, तर म्हणाले, “ऊन तापायच्या आत उरकायचं.” टॉर्चच्या उजेडात ते पुढे, मी मागे. पहिली जागा ओढ्यालगत. तिथे दगडांचा एक ढीग होता. बाबांनी वरचे दोन दगड बाजूला केले. खाली कवटी, आणि जबड्याला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला. खिळ्यानं ठोकून आकडा काढलेला: एक्केचाळीस.

“खातं म्हणतं पुरून टाका,” बाबा म्हणाले. “पुरलं तर उद्या कुणी विचारलं, हे कुठलं, तर काय दाखवू? म्हणून बिल्ला लावून दगडाखाली ठेवतो.”

बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीसपर्यंत उजाडलं. प्रत्येक ठिकाणी दगड, दगडाखाली कवटी, बिल्ला. कुठे पाडसाचे दात, कुठे म्हाताऱ्या नराचे झिजलेले, आणि मला हाडांतलं फारसं कळत नसलं तरी ही एका जनावराची हाडं नव्हेत हे कळायला कशाला शिकावं लागतं?

“वहीत सगळं एकाच शाईनं कसं?” मी विचारलं.

“रानात पेन कुठे चालतंय? हात ओले, कागद ओला. पेन्सिलीनं चिठोऱ्यावर लिहितो. महिन्यातून एकदा आईसमोर बसून वहीत उतरवतो. ती वाचते, मी लिहितो.” ते थांबले. “हेही विचारायचं होतं होय?”

सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस उंचावर होते, कड्याच्या पोटाशी साचलेल्या पाण्याजवळ. तिथली चढण बघून मी म्हटलं, राहू दे. बाबांनी ऐकलं नाही. ते खाली बसले, दोन्ही हात मागे टेकले, चांगला पाय रोवला आणि दुखरा पाय ओढत, पाठमोरे, बसल्या बसल्या चढू लागले. पायरी चढणाऱ्या लहानग्या पोरासारखे. मधे थांबून धाप टाकत. मी उभी राहून बघत होते. हात द्यायलाही सुचलं नाही.

वर पोचल्यावर ते म्हणाले, “आता कळलं ना, चारला का निघतो? सातनंतर खालच्या वाटेनं गुराखी येतात. कुणी बघितलं तर खात्यात जाईल. दोन वर्षं राहिलीत, निभतील.” मग दगड बाजूला करत, माझ्याकडे न बघता: “कुणाला सांगू नकोस.”

लपवत होते ते एवढंच होतं.

परतीच्या बसमध्ये पहिला तासभर मला इतकं हलकं वाटत होतं की मी शेजारच्या बाईला उगाच खिडकीची जागा देऊन टाकली. मग पाल चुकचुकली. बाबांनी आठ कान पाठवले. मशीनवर आठांचं एक झालं. मध्ये काय होतं? मध्ये आमची लॅब होती.

संशयाला एक घर बंद झालं की तो दुसऱ्या घराची कडी वाजवतो. माझा थेट घड्याळकाकांच्या दारात गेला. नमुने उतरवून घ्यायचं काम त्यांचं. फ्रीजरची चावी त्यांच्याकडे. निवृत्तीनंतर दोन वर्षं मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांचा अर्ज गेलेला. समजा, फ्रीजर बंद पडला, आठ नमुने नासले, अर्ज अडकेल या भीतीनं त्यांनी एका चांगल्या नमुन्याचेच आठ करून टाकले. बस शहरात शिरेपर्यंत माझ्या मनात त्यांची चौकशी होऊन निकालही लागला होता.

सोमवारी मी साडेआठलाच पोचले. फ्रीजरच्या तापमानाचा तक्ता काढला. दर दिवसाची नोंद, एकही दिवस चुकलेला नाही, तापमान जिथल्या तिथे. मग म्हटलं, तो चांगला नमुना कुठल्या हरणाचा ते तरी शोधू. त्या आठांचा नमुना मशीनमधल्या यच्चयावत नोंदींशी लावून बघितला. एकाशीही जुळला नाही. मग आठवलं की एक नोंद प्रोग्राम आपोआप वगळतो. तुलनेच्या नमुन्याची.

हा तुलनेचा नमुना म्हणजे मावशीचा. लॅबच्या मागे कुंपणात एक म्हातारी हरणी आहे, अपघातात पाय मोडलेली, तिला सगळे मावशी म्हणतात. तिचा डीएनए आम्हाला पाठ आहे, दोन्हीकडून आखूड. प्रत्येक फेरीत एक नळी तिची घालतो, उत्तर ठरलेलं आलं की मशीन ठीक चालतंय असं समजायचं. मी तिची नोंद उघडली आणि शेजारी ठेवली. वीसच्या वीस जागा जुळल्या.

खिडकीतून मावशी दिसत होती. बिनधास्त रवंथ करत होती. आमच्या कागदांवर ती आठ वेळा मेली होती.

मी कामाची वही काढली. एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीसच्या दिवशीचं पान. काका त्या आठवड्यात रजेवर होते, पानाच्या डोक्यावरच लिहिलं होतं. खाली दोन ओळी:

‘तीन चाळीस. मावशीचं द्रावण पट्टीत भरलं, आठ नळ्या.’

‘तीन पंचावन्न. ४१ ते ४८ मध्ये बफर घातलं, आठ नळ्या.’

अक्षर माझं होतं.

मावशीचा डीएनए आम्ही एकदाच पातळ करून ठेवतो आणि आठ-आठ नळ्यांच्या पट्ट्यांत भरतो. बफर म्हणजे नुसतं साधं द्रावण. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही एकाच तऱ्हेच्या पसरट डबीत, ओळखायचं ते झाकणावरच्या एका अक्षरानं. आणि आठ तोंडांचं पिपेट असतं, एका दाबात आठ नळ्या भरतात. झाकणं काढून बाजूला ठेवली असणार, डब्यांची अदलाबदल झाली असणार. एक दाब, बस्स. रानात चार-चार दिवस पडलेल्या हरणांच्या कानांत धड डीएनए उरतो तो किती? मावशीच्या ताज्या डीएनएपुढे तो बुडून गेला.

फ्रीजरमधून त्या तारखेची मावशीची पट्टी काढली. अजून वापरलेली नव्हती. मशीनवर चढवली. आठही नळ्या कोऱ्या. त्यांत नुसतं बफर होतं.

मी तो दिवस आठवायचा खूप प्रयत्न केला. काही म्हणजे काही आठवलं नाही. कुणाचा फोन नव्हता, ताप नव्हता, घाई नव्हती. साधा दिवस होता.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कॅलेंडरकडे बघितलं.

“आठ नमुने एकच आहेत हे तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“आज सोमवार.”

“हो.”

“गुरुवारी बैठक आहे हे माहीत होतं?”

“हो.”

“वरच्या खोऱ्याचे वनरक्षक तुझे कोण?”

“वडील.”

“शनिवार-रविवार कुठे होतीस?”

“घरी.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग मला काय दिसतं, सांगू? वडिलांनी एकाच जनावराचे तुकडे पाठवले. तुला कळलं, तू सहा दिवस दाबून ठेवलंस, घरी जाऊन त्यांच्याशी बोललीस, आणि आज येऊन म्हणतेस, चूक माझी. वडिलांची नोकरी जाते, तुझी फार तर कानउघाडणी होते. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.”

“पण ते मावशीशी जुळतंय, मॅडम! आणि पट्टी कोरी आहे.”

“पट्टी तू काल-आज भरून ठेवली नसशील कशावरून? नमुन्यांच्या नळ्यांत मावशी आज घातली नसशील कशावरून?”

आठवडाभर मी जे दुसऱ्यांचं करत होते तेच माझं चाललं होतं, आणि त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं.

घड्याळकाका दारात उभे होते, कधीपासून कुणास ठाऊक. “मॅडम,” ते म्हणाले, “मंगळवारी ही स्क्रीनसमोर बसली होती तेव्हा मी बघितलं ते. आठ रांगा सारख्या. मलाही वाटलं होतं, हिच्या वडिलांचा काहीतरी घोळ आहे. पण ही जर झाकायला बसली असती तर फाइलच उडवली असती. नाव बदलून ठेवून कशाला दिली असती?”

“तुम्ही बघितलंत आणि तुम्हीही सांगितलं नाहीत?”

“म्हटलं, ही सांगतेय का ते बघू,” काका म्हणाले. म्हणजे आठवडाभर तेही माझ्यावर डोळा ठेवून होते. मी त्यांच्यावर ठेवला होता हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

शेवटी मॅडमनी मार्ग काढला. “कवट्या आहेत म्हणतेस ना? दात आणू. दातातला डीएनए टिकतो. पण तू जायचं नाहीस, हात लावायचा नाही, आणि घरी फोन करायचा नाही.” त्यांनी बैठक पुढे ढकलली आणि खात्याला पत्र पाठवलं. जनावरांचे एक डॉक्टर आणि दुसऱ्या भागातला एक वनरक्षक, असे दोघं बुधवारी बाबांच्या दारात उभे राहिले. साक्षीनं दात काढून आणायचे, म्हणाले.

मी फोन केला नाही. करायला हवा होता की नव्हता, यावर माझं अजून एकमत होत नाही.

बाबांनी त्यांना आठही जागा दाखवल्या. दुपारी, उन्हाचं, कारण ते दोघं अकराला पोचले होते. आणि शेवटच्या चढणीवर, दोन परक्या माणसांसमोर, ते खाली बसले आणि हात मागे टेकून चढले. डॉक्टरांनी अहवालात दातांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. सरळ मनानंच लिहिली असेल, की वनरक्षकाच्या गुडघ्याची तपासणी व्हावी.

दात आले. काकांनी आणि मॅडमनी मिळून काम केलं, मी शेजारच्या खोलीत बाटल्या धुतल्या. आठ दात, आठ वेगवेगळी हरणं. त्यातली तीनच दोन्हीकडून आखूड. म्हणजे चोवीसपैकी अठरा नव्हे, तेरा. आणि वरच्या खोऱ्यातल्या जिवंत कळपातसुद्धा दहांत चार तशीच आहेत. आखूड असणं धोक्याचं होतं हे खरं, पण मॅडम समजत होत्या तेवढं नव्हतं. निम्मी गोष्ट दुसऱ्याच कशात तरी होती. वयात, पाण्यात, आणखी एखाद्या जनुकात. बैठकीत मॅडमनी स्वतः उभं राहून सांगितलं की आमचे आकडे चुकले, या आधारावर एकही हरीण मारू नये. चूक कुणाची ते त्यांनी तिथे सांगितलं नाही. लॅबमध्ये मात्र सहा महिने माझ्या प्रत्येक पानावर दुसऱ्याची सही लागेल असं ठरलं. ते योग्यच होतं. डब्यांचे रंग आता वेगळे आहेत.

कळप वाचला. बाबांची बदली झाली. फाटकावर.

पुढच्या महिन्यात आईचा फोन आला, तेव्हा बाबाच बोलायला आले. असं ते कधी करत नाहीत.

“त्या डॉक्टरांनी सांगितलं मला,” ते म्हणाले. “तुझ्या हातून चुकलं होतं म्हणून.”

“हो बाबा.”

“माणसाच्या हातून होतं. त्याचं काही नाही. पण तू शनिवारी आलीस तेव्हा ते तुला माहीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“म्हणजे तेव्हा तुला वाटत होतं, मी केलं.”

खोटं बोलायची तेवढीच एक वेळ होती. “हो,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, इकडे सगळं ठीक आहे, गुडघ्याला आराम आहे.

सुट्टी मिळाल्यावर मी गेले. बस फाटकापर्यंतच जाते. आडवा दांडा, त्याच्या शेजारी छोटी खोली, खिडकीत बाबा. नवा गणवेश अंगावर जरा मोठा होत होता. माझ्यापुढे दोन माणसं होती, त्यांची नावं लिहून झाली. मग मी खिडकीसमोर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

“लिहा.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मागे आणखी लोक उभे होते. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. ‘कशासाठी’ असा रकाना होता. त्यात लिहिलं: वडिलांना भेटायला.

त्यांनी वही स्वतःकडे वळवून घेतली. नाव वाचलं, गाव वाचलं, पुढचा रकाना वाचला. तिथे बोट थोडं थांबलं. मग म्हणाले, “वेळ राहिली लिहायची.”

मी वेळ लिहिली. त्यांनी दांडा वर केला.